मामांचा ओळंबा

"पत्र्यात मरंल नाहीतर भिंतीखाली मरंल. दोन्हीतलं एक काय ते ठरव, द्वारका," शेजारची कोंडाबाई म्हणाली आणि तिनं माझ्या मुक्ताच्या कपाळावरचं फडकं उलटं करून पुन्हा ठेवलं. ओलं करून ठेवलेलं फडकं एवढ्यात कोरडं झालं होतं.

सकाळचे अकरा वाजले होते. आम्ही दोघी अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत बसलो होतो. खोली म्हणजे चार बाजूंना पत्रे, डोक्यावर पत्रा आणि मधे आम्ही. पत्र्याला चुकून कोपर लागलं तर तव्यावरची भाकरी उलथताना बसतो तसा चटका बसायचा. मुक्ता नऊ महिन्यांची होती. तिच्या मानेवर, पाठीवर घामोळ्यांची जाळी पसरली होती आणि ती रडायची थांबली होती. तिचं रडणं थांबलं की मी तिच्या नाकापुढं बोट धरून श्वास बघायची.

कारण आठच दिवसांपूर्वी ती अशीच थांबली होती. याच खोलीत, भर दुपारी. डोळे फिरवले, अंग चुलीतल्या विटेसारखं तापलं. कोंडाबाईच्या दिराच्या जीपमधून सरकारी दवाखाना गाठला, सलाईन लागलं, संध्याकाळी पोरगी रडली आणि मी तिच्याबरोबर रडले. डॉक्टरीणबाई भली होती. तिनं मला समोर बसवून सांगितलं की लेकराला गारव्यात ठेव, पुन्हा ऊन लागलं तर हाती लागणार नाही.

गारव्यात ठेव म्हणे. आमच्या घरात गारवा एकाच जागी होता आणि तिथं जायला सगळ्यांनी बंदी घातली होती.

आमचं गाव वसमतच्या पुढं, आत. त्या वर्षी माघापासून जमिनीतून आवाज यायला लागले. ट्रकमधून दगड उतरवावेत तसा आधी आवाज व्हायचा, मग पायाखाली थरथर आणि मांडणीवरची भांडी वाजायची. पहिल्यांदा झालं तेव्हा सगळं गाव मारुतीच्या देवळापुढं जमलं. पुढं इतकी सवय झाली की बायका हापशावर एकमेकींना विचारायच्या, "आज तुझ्याकडं किती झाले?" कुणाच्या भिंतीला चीर गेली, कुणाचा कोनाडा ढासळला. तालुक्याहून माणसं आली, घरं बघून गेली आणि दगडमातीच्या घरात कुणी राहू नका म्हणाली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. रात्री आम्ही सगळे अंगणातच निजायचो. पण अकरा ते पाच या वेळात माणसानं जायचं कुठं, हे सांगायला कुणी आलं नाही. लिंबाखाली बसलं तर लिंबाच्या पानांतून झळा यायच्या. पंचेचाळीसच्या वर पारा गेला की सावली नावालाच सावली असते.

आमचं घर माळवदाचं होतं. दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर हातभर पांढऱ्या मातीचा थर. आत पाऊल टाकलं की माठात उतरल्यासारखं वाटायचं. आणि तो हातभर मातीचा थर अंगावर आला तर माणूस शोधायलाही लागत नाही, आपोआप पुरला जातो. हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

मी उठले, मुक्ताला उचललं आणि घराकडं निघाले. कोंडाबाईनं मला अडवलं नाही. ती एवढंच म्हणाली, "दाराशीच बस बाई. आवाज आला की उडी टाक."

तेही मला माहीत होतं. दुपारी चोरून घरात जाणाऱ्या सगळ्या बायका दारापाशीच बसायच्या. चपला बाहेर ओट्यावर काढायच्या, तोंड बाहेरच्या दिशेनं करून ठेवायच्या, म्हणजे पळताना पाय सरकवले की झालं. मीही तशाच काढल्या.

आत मामा होते. मामा म्हणजे माझे सासरे, लिंबाजी गवंडी. पाच कोसांत त्यांनी बांधलेलं घर नाही असं गाव नव्हतं, आणि हे आमचं माळवदही त्यांच्याच हातचं. एक एक खांब त्यांनी स्वतः रोवला होता. मनासारखं काही झालं की म्हणायचे, "ओळंब्यात हाय." ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेला पितळी भोवरा. भिंत सरळ उभी आहे की कलली ते गवंडी त्यानं बघतात. पण मामांना भिंतीपुरता तो शब्द पुरायचा नाही. भाजीत मीठ बरोबर पडलं तरी ओळंब्यात हाय, बैल चांगला निघाला तरी ओळंब्यात हाय. मला बघायला आले तेव्हा मी पोहे आणून ठेवले आणि वळले, तर मागून ऐकू आलं, "पोरगी ओळंब्यात हाय." माझ्या मैत्रिणी मला त्यावरून वर्षभर चिडवत होत्या.

मग आदल्या दिवाळीत त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. पंधरा दिवसांनी तोंड उघडलं तेव्हा एकच शब्द बाहेर पडला, आणि तो कोणता हे सांगायला नको. तेव्हापासून तेवढाच. पाणी हवं असलं की ओळंबा. कूस बदलायची असली की ओळंबा. मी भाकरी करपवली की जरा जोरात ओळंबा. आम्ही आवाजाच्या चढउतारावरून ओळखायचो आणि नाहीच कळलं तर पाणी द्यायचो. बहुतेक वेळा पाणीच हवं असायचं.

जमिनीचे आवाज सुरू झाले आणि मामांनी एकसारखा तो शब्द लावून धरला. हत्यारांच्या पिशवीकडं बोट आणि ओळंबा, ओळंबा. माझे यजमान ज्ञानोबा सेंट्रिंगच्या कामाला पुण्याला निघाले होते. जाताना त्यांनी लेकराला खुळखुळा द्यावा तसा खरा ओळंबा पिशवीतून काढला आणि मामांच्या बाजेसमोर, दाराकडच्या भिंतीलगत तुळईच्या खुंटीला टांगून दिला. मामा गप्प झाले. दिवसभर त्या दोरीकडं बघत पडायचे. लोक यायचे, हसायचे, म्हणायचे की बरं झालं, म्हाताऱ्याचा जीव रमला.

त्यांना बाहेर पत्र्यात हलवायचं तर बाजेसकट दोन गडी लागायचे. संध्याकाळी शेजारचे दोघे येऊन उचलायचे, सकाळी पुन्हा आत ठेवायचे. दुपारच्या पत्र्यात ते एक दिवसही टिकले नसते, म्हणून त्यांच्या आत असण्यावर कुणी काही बोलायचं नाही. म्हाताऱ्या माणसाचं कुठंही झालं तरी चालतं, असा सगळ्यांचा हिशेब असावा. खरं सांगायचं तर माझाही होता.

त्यात आमच्यात दोन दिवसांपूर्वी बिनसलं होतं. मुक्ताला दात येत होते, हिरड्या शिवशिवत होत्या, हाती येईल ते चावायची. गार पितळ बरं वाटेल म्हणून मी तो ओळंबा खुंटीवरून काढला, धुतला आणि तिच्या हातात दिला. पोरगी काय खूश झाली. गार भोवरा दोन्ही हातांनी धरून चोखत बसली. आणि मामांनी घर डोक्यावर घेतलं. ओळंबा, ओळंबा, ओळंबा. बाजेवर डावा हात आपटला, तांब्या लाथाडला. मी म्हटलं, मामा, नातीनं खेळलं तर झिजतंय का ते. दोन दिवस ते ओरडत होते आणि दोन दिवस मी मुद्दाम दिला नाही. माझाही स्वभाव काही फार गोड नाही.

शेवटी आदल्या संध्याकाळी कोंडाबाईकडं पुण्याहून फोन आला. ज्ञानोबांनी आधी मला माळवदात पाऊल टाकायचं नाही म्हणून ताकीद दिली. मी विचारलं, तुमच्याकडं वारा सुटलाय का. ते म्हणाले, थोडा सुटलाय. मी म्हटलं, मग इकडं पाठवून द्या आणि मग सांगा. मामांच्या ओरडण्याचं कोंडाबाईनं आधीच त्यांच्या कानावर घातलं होतं, म्हणून शेवटी म्हणाले, "बाबाचा ओळंबा तेवढा टांग बाई. त्यांचं दुसरं काय राह्यलंय."

म्हणून त्या दिवशी आत गेल्या गेल्या मी पहिलं काम ते केलं. ओळंबा जुन्याच खुंटीला टांगला. भोवरा हलला, डुलला आणि थांबला. मला वाटलं आता मामा निवतील.

मामा दोरीकडं बघत राहिले. वर बघितलं, खाली बघितलं, पुन्हा वर. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ओळंबा." ओरडून नाही. अगदी हळू, आजारी माणसाला औषध घे म्हणून सांगावं तसं. मी पाणी दिलं. त्यांनी तोंड फिरवलं.

मी मुक्ताची झोळी दारापाशी बांधली होती. दाराजवळच्या तुळईला, भिंतीला जवळजवळ लागून. तिथून ओटा दोन पावलांवर. मुक्ताला झोळीत टाकलं, दोन झोके दिले, तिच्या अंगाला गारवा लागला आणि पाच मिनिटांत तिचा श्वास सरळ झाला. कपाळाला हात लावला तर ताप उतरत होता. मी भिंतीला टेकून बसले. त्या दगडांचा गारवा पाठीत शिरला आणि मला तिथंच जन्म काढावासा वाटला.

"ओळंबा."

मामांचं बोट झोळीकडं होतं. मग बोट वळलं आणि त्यांच्या बाजेशेजारच्या मधल्या खांबाकडं गेलं. पुन्हा झोळीकडं, पुन्हा खांबाकडं. झोळी इकडं आण, एवढं तर मुक्तालाही कळलं असतं. पण कळून न कळल्यासारखं करण्यात मी पटाईत होते. दारातून उठून घराच्या मधोमध, वर सगळ्या मातीचं ओझं, तिथं मी लेकरू नेऊ? मला वाटलं, म्हाताऱ्याला एकट्याला भीती वाटतेय. सोबत पाहिजे.

त्यांनी पितळेचा पेला उचलला आणि बाजेच्या दांडीवर आपटायला सुरुवात केली. टण, टण, टण. मुक्ता दचकली. मी म्हटलं, मामा, आत्ता डोळा लागलाय तिचा. टण, टण. मुक्ता रडायला लागली. आठ दिवसांत पहिल्यांदा गाढ झोपलेली पोर. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण पेला हिसकावून घ्यावा एवढी मी बिघडले नव्हते. मी झोळी सोडली आणि मधल्या दोन खांबांना बांधली, मामांच्या उशाशी.

"घ्या," मी म्हटलं. "झालं समाधान?"

मामांनी पेला खाली ठेवला.

दुपारचे दीड-दोन वाजले असतील. बाहेर चिमणीसुद्धा बोलत नव्हती. मला झोळीशेजारी खांबाला टेकून डुलकी लागली होती. आधी कोंडाबाईचं कुत्रं केकाटलं आणि मग तो आवाज आला. रोजचा नव्हता. रोजचा आवाज लांबून यायचा, हा आमच्या चुलीखालून आला. मांडणीवरची भांडी वाजली नाहीत, सरळ खाली पडली. माळवदातून माती सुरू झाली, डोळ्यांत, तोंडात. मी झोळीत हात घालून मुक्ताला ओढून काढलं आणि दाराकडं धाव घेतली.

धाव घेतली म्हणजे एक पाऊल टाकलं. दुसरं पडलं नाही. मामांच्या डाव्या हातानं माझं मनगट धरलं होतं. आयुष्यभर दगड उचललेला हात तो. मी हिसका दिला तशी उलट मीच बाजेवर ओढली गेले, मुक्ता आमच्या दोघांच्या मधे.

"सोडा," मी म्हटलं. "मामा, सोडा."

त्यांनी सोडलं नाही. दार समोर होतं. उन्हाचा पांढरा चौकोन, दहा पावलांवर. मला माझ्या चपला दिसत होत्या. मी त्यांच्या छातीवर बुक्क्या मारल्या. मी त्यांच्या हाताचा अंगठा तोंडात धरला आणि दात रुतवले, रक्त जिभेला लागेपर्यंत. ते कण्हले, पण बोटं आणखी आवळली. मग मी जे बोलले ते आजवर ज्ञानोबांनाही सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "तुम्हांला मरायचंय तर मरा. आमाला कशाला संगं नेता. तुमचं झालंय जगून."

मामांनी तोंड माझ्या कानाशी आणलं. "ओळंबा," ते म्हणाले. "ओळंबा." तसंच हळू.

आणि समोरचा उन्हाचा चौकोन मोठा झाला. मला आधी कळेना, दार कसं रुंद होतंय. मग दाराच्या चौकटीसकट सगळी भिंत आमच्यापासून लांब गेली, बाहेर ओट्यावर, गल्लीत, आणि जो आवाज झाला त्यानं माझे कान बंद झाले. धूळ आत आली. मी मुक्ताचं तोंड पदरात दाबून धरलं आणि वरून माळवद येण्याची वाट बघत राहिले.

माळवद आलं नाही.

धूळ बसायला किती वेळ लागला कोण जाणे. बसली तेव्हा समोर भिंतच नव्हती. डोक्यावर तुळया होत्या, खांबांवर जशाच्या तशा. मधूनमधून मातीची धार गळत होती. खुंटीला ओळंबा हेलकावे खात होता. सकाळी जिथं झोळी बांधली होती तिथली तुळई जागेवर होती, पण तिच्याखाली आणि पुढं ओट्यापर्यंत कमरेएवढ्या दगडांचा ढीग. पळाले असते तर मी कुठं पोचले असते ते मोजायला फार लांब बघावं लागलं नाही. माझ्या एका चपलेचा पट्टा दोन दगडांच्या फटीतून बाहेर आला होता.

कोंडाबाई आणि शेजारचे गडी धावत आले. मामांचा हात तेव्हाही माझ्या मनगटावर होता. त्यांना सोडा म्हटलं तरी सुटेना, कोंडाबाईनं एकेक बोट उलगडलं. माझ्या मनगटावर निळे वळ आणि त्यांच्या अंगठ्यावर माझे दात. तिनं दोन्ही बघितलं. मग मामांचा अंगठा फडक्यानं बांधला. मुक्ता मोठमोठ्यानं रडत होती आणि ते ऐकत मी जमिनीवर बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी ज्ञानोबा पुण्याहून आले. त्यांनी एकेका खांबाला हात लावला, वर बघितलं आणि म्हणाले, "बाबा कायम सांगायचा, माळवद खांबावर असतं. भिंत नुसता आडोसा." मग ओळंब्याच्या दोरीशी उभे राहून त्यांनी मला समजावलं. तळाशी उरलेल्या दगडांपासून दोरी दोन बोटं होती. भिंत सरळ असेल तर वरही तेवढीच दोन बोटं दिसायची. बाहेर कलायला लागली की वरचं अंतर वाढत जातं. तीन बोटं, चार बोटं. बाजेवर पडल्या पडल्या दिसावं म्हणून तर मामांनी तो समोर टांगून घेतला होता. रोज बघत असणार. "मधे दोन दिवस ओळंबा काढला नसता तर आधीच कळलं असतं," असं मात्र ज्ञानोबा म्हणाले नाहीत, फोनवर त्यांनीच तो टांगायला सांगितला होता तरी. न म्हणताही ते मला माहीत होतं आणि मामांना माहीत होतं.

पुढं दीड महिना आम्ही त्या तीन भिंतींच्या घरातच दुपारी बसलो. चौथ्या बाजूला गोणपाट लावून ओलं करायचो, तेवढाच वारा गार व्हायचा. मामांचं सगळं मी करायची, आधी करायची त्याहून जास्त करायची, पण त्यांच्या डोळ्यांकडं बघायची नाही. तुमचं झालंय जगून. हे वाक्य माझ्या आणि त्यांच्या मधे पडलेलं होतं आणि ते उचलायचं कसं ते मला येत नव्हतं. त्यांना बोलता आलं असतं तर दोन शिव्या तरी दिल्या असत्या, मी मोकळी झाले असते.

एका दुपारी मी तांदूळ निवडत होते. मुक्ता रांगत मधल्या खांबाशी गेली, खांबाला धरून उभी राहिली, पहिल्यांदाच. बाजेवर मामा होते. तिनं त्यांच्याकडं बघितलं आणि स्पष्ट म्हणाली, "ओंबा."

लेकरं आधी आई म्हणतात, नाहीतर बाबा. आमच्या घरात त्या उन्हाळ्यात दिवसभर जो शब्द ऐकू यायचा तोच ती शिकली होती. मामांचा चेहरा डाव्या बाजूनं हलला. त्यांनी हात पुढं केला. तिनं तो दोन्ही हातांनी पकडला, अंगठा तोंडात घातला आणि चावायला लागली, माझ्या दातांचे वण होते तिथंच. मामा हसत होते. अर्ध्याच तोंडानं, पण हसत होते.

मी सूप बाजूला ठेवून उठले, बाजेपाशी गेले आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "मामा, चुकलं माझं," मी म्हटलं. "ते बोलले ते आणि ओळंबा काढला ते. दोन्ही."

त्यांनी नातीच्या तोंडातून अंगठा सोडवून घेतला आणि तो हात माझ्या डोक्यावर ठेवला. ओला होता.

"ओळंबा," मामा म्हणाले.

त्या वेळी मी पाणी आणलं नाही.